वीस म्हणजे किती?

गडमुडशिंगीतून पुढं जाणारा रस्ता हुपरीला पोचतो. हुपरी म्हणजे चांदीचं गाव. घरोघर पैंजण घडतात, आणि व्यवहाराला बसलेल्या प्रत्येकाच्या तोंडी एक शब्द असतो, टंच. शंभर भागांत शुद्ध चांदी किती, एवढंच तो सांगतो. हुपरीचा कारागीर, कोल्हापूरच्या गुजरीतला सराफ आणि माल उचलायला आलेला परराज्यातला व्यापारी, तिघांचंही या एका आकड्यावर एकमत असतं. कशाचे शंभर, कसे मोजले, हे कुणी विचारत नाही. पिढ्यान्‌पिढ्या ते ठरून गेलंय.

याच गडमुडशिंगीच्या दुसऱ्या अंगाला उजळाईवाडीचा विमानतळ, आणि त्याच्या पलीकडं गोकुळ शिरगावची एमआयडीसी. तिथं बीड वितळतं. मी गावातून सायकलनं आणि पुढं मोटारसायकलनं त्या एमआयडीसीत जाऊन वीसेक वर्षं फौंड्रीच्या लॅबमध्ये काम केलं. त्या वर्षांत एक गोष्ट मनात घर करून बसली. चांदीला जसा टंच आहे तसा बिडाला, पोलादाला सगळ्या जगानं एका अर्थानं वाचावा असा आकडा मिळावा, म्हणून माणसं दीडशे वर्षं झटतायत. त्या खटपटीचा इतिहास कारखानदारीच्या पुस्तकांत कुठं सलग मिळत नाही. आपल्या भागाचाही त्यात मोठा वाटा आहे, आणि तो तर कुणी सांगतच नाही.

आधी आकडा जन्मतो कसा ते बघू. भट्टीतून लॅडलमध्ये रस घेतला की त्याच रसातून वाळूच्या वेगळ्या साच्यात ३० मिलिमीटर जाडीचे टेस्ट बार ओततात. थंड झाल्यावर बार लेथवर चढतो आणि मधला भाग २० मिलिमीटरवर येतो. मग तो यूटीएमच्या, म्हणजे युनिव्हर्सल टेस्टिंग मशीनच्या जबड्यांत अडकवायचा आणि हळूहळू ताण वाढवायचा. पोलाद तुटण्याआधी मध्ये बारीक होतं, कंबर काढतं, तुटणार असल्याची वर्दी देतं. बीड तसलं काही करत नाही. डायलवरचा काटा चढत असतो, खोलीत तेलाच्या पंपाचा आवाज असतो, आणि ताडकन्‌ बार दोन होतो. काळा काटा शून्यावर येतो. त्यानं ढकलत नेलेला लाल काटा मात्र जिथवर पोचला तिथंच उभा राहतो. समजा तो ८२ किलोन्यूटनवर थांबला. २० मिलिमीटर व्यासाचं क्षेत्रफळ ३१४ चौरस मिलिमीटर. भागाकार केला की चौरस मिलिमीटरला २६१ न्यूटन. मागणी एफजी २६० ची असेल तर माल एका आकड्यानं वाचला.

आता हा २६१ एकट्यानं बाहेर पाठवून बघा. व्यास २० ऐवजी १९.९ असता तर तोच बार २६३ च्या पुढं गेला असता. बार वेगळा ओतला होता की कास्टिंगमधूनच कापून काढला होता? कास्टिंगची जाड भिंत सावकाश थंड होते, त्यामुळं तिथलं बीड त्याच रसाचं असूनही कमी भरतं. मशीनचं कॅलिब्रेशन कधी झालं होतं? कुठल्या मानकानुसार चाचणी घेतली? हीट नंबर, म्हणजे भट्टीतून एका वेळी निघालेल्या रसाचा क्रमांक, काय? ही माहिती सोबत नसेल तर २६१ हा अनाथ आकडा. मोजणारा माणूस समोर असेल तोवर तो सगळं सांगतो. तो घरी गेला, निवृत्त झाला, वारला, की आकड्याला बोलता येत नाही. मोजणाऱ्याला सोबत न घेता आकडा प्रवासाला कसा निघेल, हा या सगळ्या इतिहासाचा खरा प्रश्न.

तो पहिल्यांदा नेटानं हातात घेतला डेव्हिड किर्काल्डी या स्कॉटिश माणसानं. ग्लासगोच्या रॉबर्ट नेपियर यांच्या जहाजबांधणीच्या कारखान्यात तो कामाला होता. तिथं त्यानं लोखंड आणि पोलादाचे नमुने तोडून बघितले आणि निष्कर्ष १८६२ साली छापले. त्या काळात लोखंड विकणारा स्वतःच सांगायचा की माझं लोखंड उत्तम आहे. किर्काल्डीला हे पटत नव्हतं. त्यानं लीड्सच्या ग्रीनवुड अँड बॅटली कंपनीकडून ४७ फुटांहून लांब, ११६ टन वजनाचं आडवं यंत्र बांधून घेतलं आणि १८६६ मध्ये लंडनच्या सदर्क भागात, विकणाऱ्याशी आणि घेणाऱ्याशीही नातं नसलेली चाचणीशाळा उघडली. १८७४ मध्ये ती शेजारच्या नव्या इमारतीत गेली. त्या दारावर कोरलेल्या शब्दांचा अर्थ असा की इथं मतं नाहीत, तथ्यं मिळतील. किर्काल्डीचं मोठेपण मला यंत्रापेक्षा त्याच्या नोंदींत दिसतं. तो तुटलेल्या तोंडाचं वर्णन करायचा, नमुन्याचा आकार लिहायचा, ताणलेली लांबी लिहायला विसरायचा नाही. आकड्याच्या पाठीवर त्यानं शिदोरी बांधून दिली.

२८ डिसेंबर १८७९ च्या वादळी रात्री स्कॉटलंडमधला टे नदीवरचा पूल धावत्या रेल्वेगाडीसकट कोसळला. चौकशीसाठी पुलाचे तुकडे किर्काल्डीच्या यंत्रावर आले. बिडाच्या खांबांना जिथं ताणपट्ट्या बांधल्या होत्या ते बिडाचेच कान, ज्यांना इंग्रज लग म्हणतात, ते धरून चाललेल्या ताकदीच्या कितीतरी आधीच तुटले. ओतकाम करणाऱ्या माणसानं ही हकिकत वाचली की पोटात गोळा येतो. नदीत पडलेल्या त्या पुलात ओताऱ्याच्या हातचं काम होतं, आणि ते काम किती सोसेल हे पूल उभा राहण्याआधी कुणी नीट मोजून लिहिलेलं नव्हतं.

मात्र प्रत्येक चाचणीशाळा आपापल्या रीतीनं मोजू लागली तर गोंधळ वाढणारच. तो झालाही. पोलादाचा बार किती टक्के ताणला हे मोजायचं तर आधी त्यावर दोन खुणा करतात आणि तुटल्यावर त्यांच्यातलं अंतर बघतात. बार ताणतो तो मुख्यतः तुटण्याच्या जागेजवळ. खुणा जवळ घेतल्या तर टक्केवारी फुगते, लांब घेतल्या तर आटते. म्हणजे एकाच पोलादाचे दोन गावांत दोन आकडे. १८८० मध्ये बार्बा या फ्रेंच अभियंत्यानं दाखवून दिलं की बारचा आकार आणि खुणांमधलं अंतर एकाच प्रमाणात ठेवलं तर टक्केवारी जुळते. आज बहुतेक जग व्यासाच्या पाचपट अंतर घेतं, त्याचं मूळ हे. अमेरिकेनं चारपट धरली, आणि ती अजून सोडलेली नाही. १८८४ साली म्युनिकचे प्राध्यापक योहान बाउशिंगर यांनी चाचणी करणाऱ्यांना एकत्र बोलावलं, रीती एक करू या म्हणून. मग ड्रेस्डेन, बर्लिन, व्हिएन्ना अशा बैठका होत होत १८९५ मध्ये झुरिचला आंतरराष्ट्रीय संघटना उभी राहिली. तिची अमेरिकी शाखा १८९८ मध्ये सुरू झाली आणि तीच पुढं एएसटीएम म्हणून जगभर ओळखली गेली.

आपल्या भागात तेव्हा काय चाललं होतं? १९१० साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी औंध संस्थानातल्या कुंडलच्या माळावर कारखाना मांडला, त्याचीच किर्लोस्करवाडी झाली. लोखंडी नांगर हा त्यांचा माल. पहिलं महायुद्ध सुरू झालं आणि लोखंड मिळेना, तेव्हा शाहू महाराजांनी पन्हाळ्यावरच्या जुन्या निकामी तोफा त्यांना वितळवायला दिल्या, ही गोष्ट आमच्याकडं जुनी माणसं अभिमानानं सांगतात. लॅबमध्ये काम केल्यामुळं मला त्यात आणखी एक चित्र दिसतं. कुणी, कधी, कुठल्या रसातून ओतलेली तोफ, आणि ती वितळवून नांगराचा फाळ करायचा. त्या तोफांच्या बिडात कार्बन किती, फॉस्फरस किती, याचा कागद असण्याचा प्रश्नच नव्हता. ओताऱ्यानं डोळ्यानं पारखलं असणार.

ही पारख खोटी नव्हती, हे आवर्जून सांगायला हवं. कोल्हापुरात राधानगरीचं धरण, पंचगंगा-भोगावतीकाठचा ऊस, आणि उसाला पाणी उपसायला ऑइल इंजिनं. दुसऱ्या महायुद्धात परदेशी इंजिनांचे सुटे भाग येईनासे झाले तेव्हा इथल्या मिस्त्री लोकांनी ते भाग घडवले. त्यातूनच पुढं अख्खी इंजिनं उभी राहिली. म्हादबा मेस्त्रींचं नाव कोल्हापूरच्या उद्यमनगरात आजही आदरानं घेतात. मिस्त्री फुटपट्टीवर इंच आणि सूत मोजायचे, आठ सुतांचा इंच. रस कसा आहे बघायला पाचरीच्या आकाराचा छोटा तुकडा ओतायचा, पाण्यात विझवायचा, घणानं फोडायचा. पाचरीच्या टोकाशी बीड किती अंतर पांढरं पडलंय ते बघायचं. पांढरं जास्त म्हणजे बीड कडक, लेथचं टूल बसणार नाही. करडं, बारीक दाण्याचं तोंड दिसलं की ओता. मी कामाला लागलो तेव्हाही जुने मोल्डर स्पेक्ट्रोमीटरचा कागद येण्याआधी पाचर फोडून सांगायचे, आणि बहुतेक वेळा कागद त्यांच्या बाजूनं यायचा.

पण ही पारख मिस्त्रीच्या डोळ्यांत राहायची. इंजिनाचा मालक हाकेच्या अंतरावर होता. लायनर फुटला तर तो बैलगाडीत घालून उद्यमनगरात आणायचा आणि मिस्त्री तो बदलून द्यायचा. इथं कागदाचं काम नव्हतं, ओळखीचं होतं. घेणारा लांब गेला की कागद लागतो. किर्काल्डीच्या इंग्लंडात रेल्वे आणि जहाजांनी घेणाऱ्याला लांब नेलं, आमच्याकडं ते काम मोटारींनी केलं.

कागदावर काय लिहायचं हे ठरवायला देशात १९४७ मध्ये भारतीय मानक संस्था स्थापन झाली, १९८७ पासून तिचं नाव भारतीय मानक ब्युरो. करड्या बिडाचं मानक आयएस २१० हे तिच्या अगदी सुरुवातीच्या मानकांपैकी. आणि इथं तो वीसचा घोळ येतो, ज्यात माझी उमेदवारीची वर्षं गेली.

जुन्या ब्रिटिश मानकात बिडाचा ग्रेड २० म्हणजे चौरस इंचाला २० टन. आजच्या हिशेबानं चौरस मिलिमीटरला साधारण ३०९ न्यूटन, चांगलं भक्कम बीड. जर्मनांचा जीजी-२० म्हणजे चौरस मिलिमीटरला २० किलोग्रॅम, म्हणजे १९६ न्यूटन. आपले जुने एफजी २०, एफजी २५ हेही याच किलोग्रॅमच्या हिशेबातले. अमेरिकेचा क्लास २० म्हणजे चौरस इंचाला २० हजार पौंड, म्हणजे फक्त १३८ न्यूटन. तिन्ही देशांच्या ड्रॉइंगवर एकच आकडा, वीस. एकातलं बीड दुसऱ्याच्या दुपटीहून जास्त ताकदीचं. आमच्याकडं जुन्या इंग्रजी इंजिनांची ड्रॉइंग यायची, जर्मन मशीनच्या पार्टची यायची, आणि कोपऱ्यात मानकाचं नाव फाटून गेलेलं असायचं. मग ज्येष्ठ पॅटर्नमेकरला विचारायचं, हे ड्रॉइंग कुठल्या देशाचं वाटतं? तो प्रोजेक्शन बघायचा, अक्षरांचं वळण बघायचा आणि सांगायचा. बिडाची ताकद ड्रॉइंगच्या अक्षरावरून ठरवायची वेळ आली होती. पुढं न्यूटनचा हिशेब आला, २० चा २०० झाला, एफजी २०० म्हणजे किमान २०० न्यूटन. हा बदल रुजायला फार वेळ लागला. १९५६ च्या कायद्यानं देशात मण-शेर जाऊन किलोग्रॅम आला तरी बाजारात म्हातारी माणसं किती वर्षं शेरानं मागायची, तसंच हे.

आता आपल्या भागाच्या खास वाट्याकडं येतो. देशभरातल्या लॅबमध्ये बार तोडणारी, कडकपणा मोजणारी यंत्रं इचलकरंजीत बनतात, हे कोल्हापूर जिल्ह्यातल्याही अनेकांना ठाऊक नसतं. वस्त्रनगरी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या गावात पंडितराव कुलकर्णी यांनी फ्युएल इन्स्ट्रुमेंट्स अँड इंजिनिअर्स ही कंपनी उभी केली. आम्ही तिला नुसतं फाय म्हणतो. एके काळी परदेशातून आणावं लागणारं यूटीएम तिनं देशी अभियांत्रिकी कॉलेजांच्या आणि फौंड्र्यांच्या आवाक्यात आणून ठेवलं. या गोष्टीचं मोल फार मोठं आहे. मोजायचं साधनच नसेल तर मोजमाप कसं लिहायचं हा प्रश्न पडतच नाही.

त्या यंत्रांच्या तीन पिढ्या माझ्या डोळ्यांसमोर गेल्या, आणि प्रत्येकीची लिहिण्याची रीत वेगळी. पहिल्या पिढीत लोलकाचं वजन, मोठा डायल आणि बाजूला एक छोटा ड्रम. ड्रमवर आलेखाचा कागद गुंडाळायचा. बार ताणला जाईल तसा ड्रम फिरायचा आणि शाईचं पेन ताण आणि लांबी यांची रेघ काढायचं. त्या रेघेत सगळं होतं. बार कुठं ढिला बसला, कुठं सरकला, कुठं तुटला. मग इलेक्ट्रॉनिक यंत्र आलं, त्याचा प्रिंटर चार ओळी छापायचा. रेघ गेली, आकडे उरले, आणि त्या प्रिंटरचा कागद दोन पावसाळ्यांत पुसट व्हायचा. तिसऱ्या पिढीत कॉम्प्युटर जोडला गेला. आता यंत्र सेकंदाला अनेक नोंदी घेतं. पण त्या कुठल्या फाइलमध्ये, कुठल्या क्रमानं, कुठल्या एककात ठेवायच्या हे प्रत्येक बनवणाऱ्यानं आपलं आपण ठरवलं. एका कंपनीची फाइल दुसऱ्या कंपनीच्या सॉफ्टवेअरला उघडत नाही. पेनची रेघ निदान कुणीही वाचू शकत होता.

नव्वदच्या दशकात वीज शिवारात पोचत गेली तशी ऑइल इंजिनांची मागणी उतरली, आणि कोल्हापूरच्या फौंड्र्या मोटारींच्या कामाकडं वळल्या. अमेरिकेतल्या तीन मोठ्या मोटार कंपन्यांनी १९९४ मध्ये क्यूएस-९००० आणलं, १९९९ मध्ये आयएसओ/टीएस १६९४९ आलं, आणि शिरोली-गोकुळ शिरगावात फाइलींचे गठ्ठे वाढले. निर्यातीच्या मालाला युरोपचं ईएन १०२०४ लागू झालं. त्यातला ३.१ हा प्रकार म्हणजे कारखान्याच्या उत्पादन विभागाबाहेरच्या अधिकृत तपासनिसानं सही केलेलं, त्याच मालावरच्या चाचणीचं सर्टिफिकेट. आमच्याकडं पार्टी फोनवर एवढंच म्हणते, थ्री पॉइंट वन पाठवा. सही कुणाची हे त्या मानकानं छान ठरवलं. पण आकडे कुठल्या चौकटीत लिहायचे हे काही ठरवलं नाही.

म्हणून एकच हीट पाच वेळा लिहिली जाते. लॅबच्या रजिस्टरात बॉलपेननं, मग कारखान्याच्या सॉफ्टवेअरात, मग टीसीवर, म्हणजे टेस्ट सर्टिफिकेटवर, मग ग्राहकाच्या पोर्टलवर, मग मंजुरीच्या फाइलमध्ये. पाचही ठिकाणी रकाने वेगळे. एक टेन्साइल म्हणतो, एक यूटीएस, एक आरएम, आणि जुन्या जर्मन कागदावर सिग्मा-बी. पाच वेळा टाइप करताना फॉस्फरस ०.०४ चा ०.४ होतो आणि चांगला माल कागदावर ठिसूळ ठरतो.

२००८ च्या सुमारास मी एका लॉटपायी आठवडाभर झोपलो नव्हतो. एसजी आयर्नची, म्हणजे गोळ्यांच्या रूपातल्या ग्राफाइटच्या बिडाची कास्टिंग, अमेरिकी ग्रेड ६५-४५-१२. म्हणजे चौरस इंचाला ६५ हजार पौंड ताकद, ४५ हजार यील्ड आणि १२ टक्के ताण. आमच्या बारच्या ताणाची टक्केवारी ११.६ आली. ग्राहकाच्या माणसानं पोर्टलवर लाल खूण बघितली आणि लॉट गेटवर थांबवला. मी दोन दिवस रसायन तपासत बसलो, मॅग्नेशियम तपासलं, सूक्ष्मदर्शकाखाली ग्राफाइटचे गोळे मोजले. सगळं ठीक. तिसऱ्या दिवशी डोक्यात प्रकाश पडला. आमची लॅब नेहमीच्या सवयीनं पाचपट अंतरावर मोजत होती आणि हा ग्रेड चारपट अंतरावरचा. नवे बार चारपट खुणा करून तोडले, आकडा बारावर गेला. पोर्टलमध्ये खुणांमधलं अंतर लिहायला रकानाच नव्हता, म्हणून कुणालाच ते दिसलं नाही. बार्बानं १८८० मध्ये सोडवलेलं कोडं सव्वाशे वर्षांनी आम्हाला आठवडाभर गेटवर उभं करून गेलं, तेही एक रकाना कमी म्हणून.

या रकान्यांचा विचार जगात कुणी केलाच नव्हता असं नाही. १९८२ मध्ये व्हर्सायला सात श्रीमंत राष्ट्रांचे प्रमुख जमले. त्या बैठकीतून नव्या पदार्थांच्या चाचण्या आणि मानकांवर मिळून काम करायचा व्हामास हा उपक्रम निघाला. भारत त्यात पुढं सामील झाला. पदार्थांची माहिती कॉम्प्युटरवर कशी साठवायची हा विषय व्हामासनं सुरुवातीच्या काळातच हाताळला. एएसटीएमनं त्यासाठी ई-४९ ही समिती नेमली, १९८७ मध्ये फिलाडेल्फियात या विषयावर परिषद भरवली, आणि धातूंच्या यांत्रिक चाचणीच्या नोंदीत कुठले रकाने असावेत याची यादी मानक म्हणून काढली. त्या यादीत खुणांमधलं अंतर होतं, नमुना कुठून कापला तेही होतं. आमच्या पोर्टलच्या वीस वर्षं आधी.

१९९९ पासून अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक व तंत्रज्ञान संस्थेत मॅटएमएल ही पदार्थांच्या माहितीची भाषा तयार होऊ लागली. कल्पना सोपी होती. प्रत्येक आकड्याला नावाची पट्टी लावायची, पट्टीवर एकक लिहायचं, आणि त्याच्या शेजारी चाचणीच्या अटींची पट्टी. मग फाइल कुणीही उघडली तरी २६१ म्हणजे काय हे तिनंच सांगायचं. युरोपात नेदरलँड्समधल्या पेटन गावी युरोपीय आयोगाचं संशोधन केंद्र आहे. अणुऊर्जेच्या पदार्थांच्या चाचण्यांचा साठा तिथं अनेक वर्षं जमला होता. अणुभट्टीतल्या पोलादाच्या रेंगण्याच्या, म्हणजे सततच्या भाराखाली हळूहळू ताणलं जाण्याच्या, चाचण्या वर्षानुवर्षं चालतात. एवढ्या खर्चानं मिळालेला आकडा वीस वर्षांनी वाचता आला नाही तर केवढं नुकसान, हे तिथल्या लोकांना पक्कं कळलेलं होतं. ते आणि इतर मंडळी युरोपच्या मानक संस्थेच्या कार्यशाळेत बसली आणि २०१० मध्ये सीडब्ल्यूए १६२०० ही मार्गदर्शिका निघाली. चाचणीचं लिखित मानक घेऊन त्यातूनच कॉम्प्युटरची चौकट कशी बनवायची हे तिच्यात होतं, आणि नमुन्याला घेतली होती साधी ताण-चाचणी, आयएसओ ६८९२-१. आपलं आयएस १६०८ आता याच मानकाला धरून आहे. म्हणजे त्यांनी चौकट बांधली ती आमच्या रोजच्या बारचीच. २०१४ मध्ये त्याच वाटेवरची पुढची मार्गदर्शिका आली, चाचणी अहवाल कागदाऐवजी कॉम्प्युटरला वाचता येईल अशा रूपात पाठवण्याबद्दल.

यात टेनस्टँड या युरोपीय प्रकल्पाची गोष्ट मला सगळ्यांत बोलकी वाटते. त्यांनी ताण-चाचणीच्या कच्च्या नोंदी साध्या मजकुराच्या फाइलमध्ये भरल्या आणि तीच फाइल वेगवेगळ्या प्रयोगशाळांना दिली. बार तोडायचा नव्हता, यंत्र चालवायचं नव्हतं, फक्त आपल्या सॉफ्टवेअरनं उत्तर काढायचं. तरी उत्तरं सगळी जुळली नाहीत. रेघेचा सुरुवातीचा सरळ भाग कुठून कुठवर धरायचा हे प्रत्येक सॉफ्टवेअरनं आपलं ठरवलं होतं, त्यामुळं लवचीकतेचा गुणांक तर बराच इकडं-तिकडं झाला. म्हणूनच कच्च्या नोंदी जपायला हव्यात. आज काढलेलं उत्तर चुकलं तरी रेघ हाताशी असेल तर उद्या ते पुन्हा काढता येतं. ड्रमवरच्या पेनची रेघ आम्ही रद्दीत घातली, याची मला अजून हळहळ वाटते.

या सगळ्या बैठका विमानं, अणुभट्ट्या, गॅस टर्बाइन बनवणाऱ्यांच्या गरजेतून झाल्या. त्यात गैर काही नाही. पण बार रोज कुठं तुटतात ते बघा. शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल, आणि तसंच बेळगाव, राजकोट, कोइमतूर. एका मध्यम फौंड्रीत दिवसाला अनेक हीट निघतात. प्रत्येकीचं रसायन, तापमान, वाळूचा ओलावा, बारची ताकद, सगळं कुठंतरी लिहिलं जातं. उन्हाळ्यात वाळू सुकते तेव्हा काय होतं, भंगार बदललं की दाणा कसा बदलतो, या सगळ्याची उत्तरं त्या रजिस्टरांत पडलेली आहेत. मिस्त्रीचा डोळा जे बघायचा तेच आकड्यांत. पण रकाने सारखे नाहीत, एककं लिहिलेली नाहीत, म्हणून दोन फौंड्र्यांची रजिस्टरं शेजारी ठेवून काही शिकता येत नाही. एकाच फौंड्रीची दोन वर्षंसुद्धा कधी कधी जुळत नाहीत, कारण मध्ये लॅबचा माणूस बदललेला असतो. माझ्या मते कोल्हापूरच्या फौंड्री धंद्याची सगळ्यांत मोठी न मोजलेली मालमत्ता हीच आहे, आणि ती दरवर्षी रद्दीच्या भावानं जाते.

माहिती जपून मालाबरोबर पाठवणं सोन्याच्या बाबतीत होऊ शकलं. १ जुलै २०२१ पासून हॉलमार्कच्या दागिन्याला सहा अक्षर-आकड्यांची स्वतःची ओळख मिळू लागली. गुजरीत घेतलेल्या कुड्यांवरचा तो क्रमांक मोबाइलवर घातला की शुद्धता समोर येते, तपासणी कुठं झाली तेही कळतं. आकडा दागिन्याबरोबर फिरतो, आणि परीक्षकाला फोन करावा लागत नाही. ट्रकच्या ब्रेकड्रमवर, ज्याच्या भरवशावर माणसं घाटातून खाली उतरतात, अजून हीट नंबराच्या ओतीव खुणेपलीकडं काही नसतं. त्या नंबरामागचा कागद शोधायचा तर फौंड्रीच्या कपाटापर्यंत जावं लागतं.

मागच्या उन्हाळ्यात ओळखीच्या एका लॅबमध्ये गेलो होतो. मी कामाला होतो तिथली नव्हे. डिप्लोमा झालेली एक मुलगी नवीन यंत्राच्या कॉम्प्युटरपुढं बसली होती. यंत्राची फाइल एक्सेलमध्ये कशी काढायची हे तिनं स्वतःच शोधून काढलं होतं, आणि महिन्याच्या सगळ्या हीट एका शीटमध्ये आणत होती. टेबलाखालच्या पत्र्याच्या डब्यात तुटलेले अर्धे बार पडले होते, प्रत्येकाच्या बुडाला पंचानं ठोकलेला नंबर.

"सर, पहिल्या ओळीत काय काय घालू?" तिनं विचारलं.

मी खुर्ची ओढून बसलो. आम्ही लिहीत गेलो. हीट क्रमांक. ओतल्याची तारीख आणि वेळ. बार वेगळा ओतलेला की कास्टिंगमधून कापलेला. कापलेला असेल तर कुठून. व्यास, मिलिमीटरमध्ये, दोन जागी मोजलेला. खुणांमधलं अंतर. मानकाचं नाव आणि त्याचं वर्ष. यंत्राचा क्रमांक, शेवटच्या कॅलिब्रेशनची तारीख. तोडल्यावर तोंड कसं दिसलं.

"तोंडाचं कुणी मागत नाही सर," ती म्हणाली.

"असू दे," मी म्हटलं. तिनं तो रकाना घातला, डब्यातला सगळ्यांत वरचा बार उचलून खिडकीकडं धरला, आणि पहिल्या ओळीत लिहिलं: करडं, बारीक दाणा, एका कडेला वाळूचा ठिपका.